गायरानाचे दरवर्षी एकाच जागेवरून फोटो : माळ सुधारला की बिघडला, ठरवायचं कसं?

मुरमाड

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पुरंदर तालुक्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यात. गायरान बऱ्यापैकी मोठं आहे: दोन टेकाडं, मधे सपाट बरड, एका अंगाला ओढा. दरवर्षी श्रावणात गावाच्या ग्रुपवर टेकाडाचा हिरवागार फोटो पडतो, खाली 'आपलं मिनी काश्मीर' वगैरे. एप्रिलात कुणीतरी दुसऱ्याच कोपऱ्यातून काढलेला करडा फोटो टाकतं, 'उजाड माळ, काहीतरी करायला हवं.' दोन्ही फोटो खरेच. पण दहा वर्षांत या माळाचं काय झालं, ते त्यातल्या एकावरूनही कळत नाही. म्हातारी माणसं म्हणतात पवन्या (चाऱ्याचं चांगलं गवत) कमी झाला, कुसळी (कुसळं धरणारं गवत) माजली. पोरं म्हणतात झाडोरा वाढला, म्हणजे बरंच झालं. वाद पारावर सुरू होतो आणि तिथेच विरतो.

म्हणून डोक्यात असं आहे की काही जागा पक्क्या करायच्या आणि दरवर्षी तिथूनच, त्याच दिशेला, त्याच दिवसांत फोटो काढायचे. कल्पना जुनीच आहे. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने १८८८ च्या सुमारास आल्प्समधल्या हिमनद्या अशाच, ठरलेल्या जागांवरून पुन्हा पुन्हा फोटो काढून मोजायला घेतल्या. पुढे चराऊ कुरणं आणि वाळवंटं यांच्यासाठी तीच रीत अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत वापरली गेली. केपटाउन विद्यापीठाने तर रीफोटो-एसए नावाचा उपक्रम काढून जुने फोटो लोकांसमोर ठेवले आणि सांगितलं, जा, त्याच जागेवर उभे राहा आणि पुन्हा काढा.

माझे प्रश्न साधे आहेत. कोणत्या महिन्यात काढावेत? मोबाइल पुरेल का? जागा पक्की करायची तर खूण कशाची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच वर्षांनी दोन फोटो शेजारी ठेवले की त्यांतून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

उंडगा

वाचनखूण साठवली. आमच्या बारामतीकडच्या माळासाठीही हवंच होतं.

चंडोल

छान विषय. मी पक्षी बघणारा माणूस, त्यामुळे माळावर वर्षभर जाणं होतं. महिन्याचं सांगतो.

एकच फेरी जमणार असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य धरा. गवत पुरतं वाढलेलं असतं, तुरे आलेले असतात, आणि तुरा असल्याशिवाय पवन्या कोणता, मारवेल कोणता, डोंगरी कोणतं हे फोटोत तर सोडाच, हातात घेऊनही भल्याभल्यांना सांगता येत नाही. दिवाळीनंतर कापणी आणि चराई सुरू झाली की तो माळ गेलाच.

पण दुसरी फेरी मारता आली तर ती एप्रिलच्या शेवटी मारा. गवत वाळून जमिनीसरपट झालेलं असतं, त्यामुळे जे हिरवं दिसतं ते सगळं झुडूप नाहीतर झाड. बोर, तरवड, हिवर, वेडी बाभूळ, काय कुठवर आलंय ते उन्हाळ्याच्या फोटोत लख्ख दिसतं. ऑक्टोबरचा फोटो गवतासाठी, एप्रिलचा झाडोऱ्यासाठी. ऑगस्टचा फोटो ग्रुपवर टाकण्यासाठी ;)

आणि पाऊस लिहून ठेवा. याशिवाय सगळं फोल आहे. २०१८ चा ऑक्टोबर आठवा, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्या साली पहिला फोटो काढला असता आणि दुसरा २०२२ साली, तर कुठल्याही माळाची 'प्रगती' दिसली असती. कृषी खात्याच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, तो प्रत्येक फोटोबरोबर नोंदवा. नुसता एकूण आकडा नको. जूनमध्ये किती, सप्टेंबरमध्ये किती, मधे खंड किती दिवसांचा, हेही. आमच्याकडे परतीचा पाऊस आला की गवत दिवाळीपर्यंत हिरवं राहतं आणि नाही आला तर दसऱ्यालाच पिवळं.

सोनोरावासी

मी ॲरिझोनात, टूसॉनला राहतो. मूळ फलटणचा. मुरमाड, तुम्ही जे करायला निघालात त्याची जगातली एक मोठी शाळा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

टूसॉनच्या दक्षिणेला सांता रीटा नावाचं प्रायोगिक कुरण आहे. १९०३ साली सरकारने ते कुंपण घालून वेगळं काढलं. कारण अगदी ओळखीचं: १८८० च्या दशकात या भागात बेसुमार गुरं आणली, १८९० नंतर मोठा दुष्काळ पडला, गुरं मेली आणि माळ बोडका झाला. तो पुन्हा कसा भरून येतो हे बघायचं होतं. कुंपणाच्या सुमारासच, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, तिथे फोटो काढले गेले आणि पुढे ठरलेल्या जागांवरून पुन्हा पुन्हा काढत राहिले. त्यातले कित्येक संच आज संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात.

त्यांत वेर्फानो ब्यूट नावाची एक सुटी टेकडी आहे. शतकापूर्वीच्या फोटोत ती टेकडी आणि तिच्यापुढे जवळजवळ मोकळा माळ. नंतरच्या फोटोंत टेकडी तीच, पण पुढे मेस्कीटची झाडं इतकी की मोकळा माळ शोधावा लागतो. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. फरक एवढाच की वेडी बाभूळ आपल्याकडे बाहेरून आणली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि मेस्कीट इथलीच आहे. घरच्या झाडानेच घरचा माळ गिळला.

का, यावर इथे शंभर वर्षं चर्चा चालू आहे. गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी पसरवतात, हे एक. चराईने गवत विरळ झालं, त्यामुळे वणवे लागेनासे झाले आणि कोवळी रोपं जळेनाशी झाली, हे दुसरं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने झुडपांना फायदा झाला असावा, हे तिसरं. पण फोटोंनी एक गोष्ट मात्र निर्विवाद दाखवली. ज्या तुकड्यांत गुरांना पूर्ण बंदी होती, तिथेही मेस्कीट वाढलं. म्हणजे 'चराई थांबवा, माळ आपोआप पूर्ववत होईल' हे जे सुरुवातीला गृहीत धरलं होतं, ते चाललं नाही. एकदा झाडाने पाय रोवले की नुसतं गुरं काढून भागत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त मोलाची वाटते. याच कुरणाच्या अलीकडच्या फोटोंत काही ठिकाणी गवत छान दाट दिसतं. बघणारा म्हणेल, वा, गवत परत आलं. पण ते गवत दुसरंच आहे. लेहमन लव्हग्रास नावाचं, १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून मुद्दाम आणलेलं. धूप थांबावी म्हणून पेरलं आणि ते पसरत गेलं. फोटोत जुनं देशी गवतही पिवळं आणि हे परदेशी गवतही पिवळं. फोटोबरोबर कुणी खाली वाकून गवताचं नाव लिहिलं नसतं तर हा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता.

योगायोग बघा, तुमची कुसळी इथेही आहे. तीच जात. इथल्या टेकड्यांवर ऑक्टोबरात फिरलो की मोजे कुसळांनी भरतात आणि फलटणची आठवण येते.

तिपाई

सोनोरावासी, प्रतिसाद फार आवडला. मी फोटोवाला आहे, तर मुरमाड यांच्या 'मोबाइल पुरेल का' याचं उत्तर देतो. पुरेल, पण शिस्त पाळलीत तर.

जागेसाठी मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्या माळावरसुद्धा तो तीन-पाच मीटर इकडेतिकडे जातो. लांबच्या डोंगराला त्याने काही होत नाही, पण दहा मीटरवरची बोराटी फोटोत भलतीकडेच जाते. जीपीएस जागेच्या जवळ नेण्यापुरता. नेमकं उभं राहण्यासाठी जवळची खूण आणि लांबची खूण एका रेषेत धरायची. समजा पहिल्या फोटोत जवळच्या मोठ्या धोंड्याचा उजवा कोपरा मागच्या डोंगराच्या खिंडीखाली बरोबर येतो. पुढच्या वर्षी तो कोपरा खिंडीच्या डावीकडे दिसला तर तुम्ही उजवीकडे जास्त गेलात, डावीकडे सरका. पुढे-मागे सरकण्याचंही तसंच: जवळच्या दोन खुणांमधलं अंतर लांबच्या दोन खुणांच्या मानाने ऐसपैस दिसलं तर तुम्ही पुढे आला आहात. जुना फोटो कागदावर छापून हातात धरा. उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काही दिसत नाही.

लक्षात ठेवा, झूम थोडा वेगळा झाला तर नंतर कापून जुळवता येतो. उभं राहायची जागा चुकली तर कापून, ताणून, काही करून जुळत नाही.

मोबाइलची मुख्य लेन्सच वापरा, एक-एक्स. रुंद लेन्सने कडा वाकतात, शिवाय नव्या मोबाइलमध्ये काही फोन स्वतःहून लेन्स बदलतात. रंग खुलवणारे, आभाळ निळं करणारे सगळे प्रकार बंद. गवताचा रंग फोनने ठरवायचा नाही. कॅमेऱ्याची उंची दरवेळी तीच हवी, एक काठी कापून ठेवा आणि तिच्या टोकावर फोन टेकवा. वेळही तीच, नाहीतर सावल्या बदलतात आणि सावली झुडपासारखी दिसते. शक्यतो उत्तरेकडे तोंड करून काढता येतील अशा दिशा निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला असतो, उजेड पाठीवर राहतो.

चौकटीत एक मीटरचा खांब उभा करा, दहा-दहा सेंटिमीटरवर लाल-पांढरे पट्टे मारलेला, आणि दरवर्षी तितक्याच अंतरावर. गवत गुडघ्याएवढं की पोटरीएवढं, हे पाच वर्षांनी त्या खांबावरूनच कळेल. शेजारी पाटी: जागेचा क्रमांक, दिशा, तारीख. दिशा साध्या होकायंत्राने चालते. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच.

आणि हात जोडून सांगतो, हे फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवून तेच जपून ठेवू नका. फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळ-जागेची नोंद पुसली जाते. मूळ फाइल केबलने उतरवा.

मुरमाड

तिपाई, कमाल. खुणेचं काय? लोखंडी गज रोवायचा विचार होता.

तिपाई

गज भंगारात जाईल. पहिल्या आठवड्यात.

सोनोरावासी

खडक असेल तर छिन्नीने फुली मारा, नाहीतर मोजणीचे जे हद्दीचे दगड आहेत तेच धरा. इथल्या लोकांनी हेच केलं. अमेरिका आणि मेक्सिकोच्या हद्दीवरचे खांब १८९० च्या दशकातल्या सर्वेक्षणात एकेक करून फोटोत घेतले होते. १९६० च्या दशकात हेस्टिंग्ज आणि टर्नर या दोन संशोधकांनी असे जुने फोटो गोळा करून त्या त्या जागा शोधल्या. त्यांचं १९६५ सालचं पुस्तक इथे या विषयाचा पाया मानतात. हद्दीच्या खांबाचं बरं असतं, तो हलवला तर दोन देशांत भांडण होतं. गायरानाच्या हद्दीच्या दगडाबाबत तेवढी खात्री देता येत नाही म्हणा.

उंडगा

हा हा. आमच्याकडे तर दगड रात्रीत चालतात.

हिरवाई

मी थोडं वेगळं लिहिते. सगळे प्रतिसाद वाचले, माहिती चांगली आहे, पण सूर असा लागतोय की झाडं वाढणं म्हणजे जणू संकटच. आम्ही एका टेकडीवर गेली काही वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन झाडं जगवली आहेत. आधीचा आणि नंतरचा फोटो बघितला की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. बोडका डोंगर होता, आता सावली आहे, पक्षी आहेत. फोटोचा उपयोग लोकांना कामाला लावण्यासाठी झाला तर त्यात वाईट काय? महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ मध्ये एवढी मोठी लागवड मोहीम झाली, शेवटच्या वर्षी ३३ कोटींचं उद्दिष्ट होतं, त्यातून गावोगाव लोक जोडले गेले. त्यांना तुम्ही सांगणार का की गवतच बरं होतं?

मुरमाड

हिरवाई ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे आणि झाडांना विरोध नाही. पण 'बोडका डोंगर' हे तुम्ही कोणत्या महिन्यात बघून ठरवलं, हा माझा प्रश्न आहे. आमच्याकडे ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुरूम हातभर खोल, खाली खडक. तिथे मे महिन्यात बोडकं दिसणं हे माळाचं नेहमीचंच रूप. ऑक्टोबरात या, कमरेएवढं गवत दाखवतो.

दुसरं असं की 'इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं, म्हणून माळ झाला' हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलोय. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा अभ्यास आला. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले, ओव्या-कथांमधले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात तेव्हाही हिवर, तरवड, बाभूळ अशी उघड्या माळावरचीच झाडं येतात. म्हणजे हा माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहे. फोटो नव्हते त्या काळचा हा फोटोच म्हणा की.

आता त्या माळावर ग्लिरिसिडियाच्या (बाहेरून आणलेल्या झाडाच्या) ओळी लावल्या, तर पाच वर्षांनी फोटो हिरवा येणारच. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांना त्या हिरव्याचा उपयोग काय? शेळीसुद्धा तो पाला नाखुशीनेच खाते.

हिरवाई

आम्ही ग्लिरिसिडिया लावलेला नाही. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज लावले आहेत. आणि शेळी कडुनिंब आवडीने खाते, म्हणूनच तर राखण ठेवावी लागते.

चंडोल

भांडू नका हो. हिरवाई ताईंच्या टेकडीवर बुलबुल, दयाळ, नाचण आले असणार आणि ते छानच आहे. पण माळटिटवी आणि चंडोल तिथून गेले असतील, ते फोटोत कसे दिसणार? नसलेली गोष्ट फोटोत येत नाही, हीच तर अडचण आहे.

मोकळेपणा हाच काही प्राण्यांचा आसरा असतो. सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२ वर आणलं. ढोक का गेला याची कारणं बरीच आहेत, विजेच्या तारा, शेती, शिकार, कालवे. पण ज्या पक्ष्याला चारही बाजूंना लांबवर दिसलं पाहिजे, त्याच्या माळावर रांगेने झाडं उभी राहणं हे त्याला घर बांधून देणं नव्हे. म्हणून माझी सूचना: प्रत्येक फोटोत क्षितिज किती दिसतं याचीही नोंद ठेवा. क्षितिजाची रेघ कुठे झाकली गेली हे मोजायलाही सोपं आहे.

काठी_घोंगडं

राम राम. मी धागा कालपासून वाचतोय. आम्ही माण तालुक्यातले, घरची मेंढरं. मी पुण्यात नोकरीला, भाऊ अजून वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या तांड्याबरोबर, असतो. दिवाळी झाली की वाडा खाली कोकणात उतरायचा आणि मिरगाच्या आत परत वर. आजाने केलं, बापाने केलं.

तुमच्या फोटोंबद्दल एक शंका आहे. ऑक्टोबरच्या फोटोत तांबूस कुसळीचा माळ दिसला तर तुम्ही काय लिहिणार, कुसळी माजली म्हणून? कुसळी कोवळी असताना मेंढरू खातं. कुसळ धरलं की लोकरीत अडकतं, तोंडात रुततं, कातडीत घुसतं, मग त्या माळावर कोणी मेंढरं घालत नाही. म्हणजे तांबूस माळ याचा अर्थ असाही असेल की त्या साली श्रावणात तिथे कोणाला चारू दिलं नाही. कुणी आडवलं असंल, वाटेत कुंपण पडलं असंल, नाहीतर चर खणले असतील. हे फोटोत येतं का?

दुसरं. माळ बिघडला की पहिलं बोट मेंढरांकडं. तुम्ही मे महिन्यात फोटो काढणार, त्यात मेंढरांचं एखादं खांड दिसणार आणि खाली ओळ येणार, 'अतिचराईमुळे'. मग गावात ठराव, मेंढरांना बंदी. असले फोटो आम्ही बघितलेत. वरती सोनोरावाले दादांनी लिहिलंय की कुंपणाच्या आतही झाडं वाढली. ते आमच्याकडं कुणी सांगत नाही.

फोटो काढा, पण त्या जागी त्या साली कोण आलं, किती दिवस बसलं, खतासाठी मेंढरं कुणाच्या रानात बसवली, हे मेंढक्याला विचारून लिहा. विचारलं तर सांगतो आम्ही. गवताची नावंबी सांगतो, तुरा नसला तरी.

सोनोरावासी

काठी_घोंगडं दादा, अगदी मर्मावर बोट. इथल्या कुरणातही प्रत्येक कुंपणातल्या गुरांची संख्या वर्षावर्षाला लिहून ठेवली, म्हणून फोटोंना अर्थ राहिला. नुसते फोटो असते तर प्रत्येकाने आपल्या मनातलं त्यांत वाचलं असतं.

एक उपाय सुचतो. बंदी असलेला तुकडा आणि चराईचा तुकडा यांच्या मधल्या कुंपणावर एक जागा धरा, अशी की एकाच फोटोत डावीकडे बंदी आणि उजवीकडे चराई येईल. पाऊस दोन्हीकडे सारखाच. मग दरवर्षी जो फरक दिसेल तो पावसाचा नसेल हे तरी नक्की.

चौकटमोज

आता आकड्यांचं. पेशाने नकाशे करतो.

फोटोवरून टक्केवारी काढायची सोपी रीत अशी: दोन्ही फोटो एकावर एक जुळवा, वर समान चौकटींची जाळी टाका, ज्या चौकटींत झुडूप आहे त्या मोजा. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मोजणाऱ्याला तारखा दाखवू नका. कोणता जुना आणि कोणता नवा हे माहीत असलं की डोळा आपोआप पक्षपात करतो. पण ही टक्केवारी फोटोची आहे, जमिनीची नाही. समोरचं एक तरवडाचं झुडूप मागची एकरभर जमीन झाकतं. त्यामुळे 'झुडूप ३० टक्के झालं' असं म्हणू नका, 'याच चौकटीत झुडपाचा भाग वाढला' एवढंच म्हणा.

गवतासाठी वेगळे फोटो लागतील. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करून जमिनीवर ठेवा आणि वरून सरळ खाली बघून फोटो घ्या. प्रत्येक जागेवर तीन-चार. त्यात उघडी जमीन किती, गवताचे ठोंब किती, गाजर गवत आलंय का, हे मोजता येतं. उघड्या जमिनीचं प्रमाण मला सगळ्यात उपयोगी वाटतं. गवताची जात चुकेल, पण माती दिसते की नाही यात सहसा चूक होत नाही.

जागा निवडताना सुंदर दिसणाऱ्या किंवा फार बिघडलेल्या जागाच घेतल्या जातात, सगळीकडे हेच होतं. गायरानाच्या नकाशावर चौकोन आखा, क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी जिथे पडेल तिथे जायचं, तिथे बघण्यासारखं काही नसलं तरी. दहा-बारा जागा पुष्कळ झाल्या. जास्त घेतल्या की तिसऱ्या वर्षी उत्साह संपतो.

उपग्रहाबद्दल कुणी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासून आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून, दोन्ही फुकट. अख्ख्या तालुक्याचा कल त्यांत दिसतो. पण त्यांत हिरवेपणा वाढला म्हणजे वेडी बाभूळही असू शकते आणि पवन्याही. त्याचा निवाडा जमिनीवरचा फोटोच देतो. म्हणून दोन्ही एकमेकांना धरून वापरा. अजून मागे जायचं असेल तर अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. तुमच्या भागाचा एखादा चांगला पट्टा मिळाला तर १९७२ च्या दुष्काळाच्या आधीचं गायरान दिसेल. काळे-पांढरे आहेत, पण मोठी झाडं ठिपक्यांसारखी ओळखता येतात.

हिरवाई

चिठ्ठ्या टाकून जागा, हे पटलं. आमच्या फोटोत आम्ही नेहमी सगळ्यात दाट कोपराच दाखवतो, खरं आहे. आमच्या टेकडीवर लागवड न झालेला एक उतार आहे. तिथे आणि लागवडीत अशा दोन्हीकडे चौकट ठेवून बघते. झाडं काढणार नाही मात्र ;)

जुनेपुराणे

जुन्या फोटोंसाठी सुचवणी. हेन्री कझेन्स आणि जेम्स बर्जेस यांच्या काळात पुरातत्त्व खात्यासाठी पश्चिम भारतातल्या देवळांचे फोटो काढले गेले, त्यातले बरेच ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात बघायला मिळतात. लोक देऊळ बघतात, तुम्ही मागची टेकडी बघा. देवळाचा कळस, दीपमाळ, तटाचा बुरूज या जागच्या जागी असलेल्या खुणा, त्यामुळे उभं राहण्याची जागा सापडते. धरणांच्या बांधकामाचे, १९७२ च्या दुष्काळी कामांचे फोटोही कुणाकुणाकडे असतात. आणि घरातले अल्बम: जत्रेचे, कुस्तीच्या फडाचे, ट्रॅक्टरच्या पूजेचे. मागे माळ असतोच.

एक सावधगिरी. असे फोटो गावाजवळचे, देवळाजवळचे, रस्त्याजवळचे असतात. तिथे सरपण तोडलं जायचं, गुरं बसायची. सगळ्या माळाची तीच अवस्था होती असं त्यावरून धरू नका.

अवांतर: आमच्याकडे एका लग्नाच्या फोटोत मागे काळवीट आहे. नवरदेवाचं नाव कुणालाच आठवत नाही, काळवीट मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

मुरमाड

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. दहा जागा, चिठ्ठ्या टाकून. अकरावी जागा मुद्दाम निवडलेली, गायरानात गेल्या वर्षी चर खणलेल्या तुकड्याच्या कडेवर, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला जुना माळ. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी, एप्रिलच्या शेवटी दुसरी. प्रत्येक जागेवर चार दिशांऐवजी दोनच, उत्तर आणि ईशान्य, आणि खाली चौकटीचे तीन फोटो. वहीत पाऊस, चराई, वणवा, कापणी आणि गवतांची नावं. अहवालात 'सुधारला' आणि 'बिघडला' हे दोन शब्द पहिली पाच वर्षं वापरायचे नाहीत, असं पोरांना सांगितलंय. झुडूप वाढलं, माती उघडी पडली, क्षितिज झाकलं, एवढंच लिहायचं. चांगलं की वाईट ते ग्रामसभेत ज्याने त्याने म्हणावं, फोटो समोर ठेवून.

फाइली कुठे ठेवाव्यात हे अजून कळत नाहीये. ग्रामपंचायतीचा संगणक पाच वर्षं टिकेल याची खात्री नाही.

चौकटमोज

तीन प्रती, तीन वेगळ्या घरांत, त्यातली एक गावाबाहेर. फाइलच्या नावातच जागा, दिशा आणि तारीख घाला, फोल्डर हरवले तरी नाव सोबत राहतं. आणि प्रत्येक फेरीचे फोटो छापून वहीत चिकटवा. हार्ड डिस्क पडते, वही सहसा राहते. एक प्रत माझ्याकडे पाठवलीत तरी चालेल.

काठी_घोंगडं

गवतांच्या नावांसाठी भावाला फोन लावून देतो. यंदा वाडा दसऱ्याच्या आसपास सासवडच्या अलीकडं असंल. तो तुमच्या माळावर येईल, फक्त सकाळी लवकर ठेवा, दहाच्या पुढं त्याला मेंढरं सोडून जमणार नाही.

मुरमाड

सातला ठेवू. पण तिपाई म्हणाले तशी फोटोची वेळ दरवर्षी एकच ठेवायची, तर ती नऊ धरतो. आधी गवतं ओळखून घेऊ, मग फोटो.

तिपाई

नऊ चालेल, सावल्या फार लांब नसतात तेव्हा. मी पहिल्या फेरीला येतो. पट्टे मारलेला खांब माझ्याकडे आहे, छिन्नी-हातोडा तुम्ही आणा.